जुन्या ट्रॅक्टरचे साल : कागद, क्रमांक आणि ओतकाम

निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात जुन्या ट्रॅक्टरविषयी बोलताना ‘हे सत्तरचे मॉडेल’ असे सहज म्हटले जाते, आणि त्या सत्तरला बहुधा आर. सी. बुकातील नोंदणीच्या तारखेपलीकडे आधार नसतो. प्रत्यक्षात प्रत्येक ट्रॅक्टरला तीन साले असतात : तो नमुना प्रथम बाजारात आला ते, ते यंत्र कारखान्यातून बाहेर पडले ते, आणि मालकाच्या नावे त्याची नोंद झाली ते. ही तिन्ही एकच मानण्याची सवय आपल्याकडे का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1959 मध्ये फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, 1960 मध्ये मद्रासला टाफे या ट्रॅक्टर कंपनीची स्थापना झाली आणि 1963 मध्ये महिंद्राच्या भागीदारीतून इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बी-275 हा ट्रॅक्टर येथे बनवण्यासाठी कंपनी उभी राहिली. तरीही मागणी उत्पादनाच्या कितीतरी पुढे होती. रशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया येथून ट्रॅक्टर आयात होत आणि पैसे भरून शेतकरी नंबर लागण्याची वाट पाहत. वितरणावर सरकारी नियंत्रण आणणारा आदेश 1971 चा आहे. त्यामुळे यंत्र बनल्याचे साल एक आणि नोंदणीचे साल दुसरे, ही त्या काळातील नेहमीची गोष्ट होती.

सीमाभागात यात आणखी एक पदर मिसळतो. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यानंतर म्हैसूर राज्यात गेले, आणि 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. म्हणजे एकाच ट्रॅक्टरच्या जुन्या कागदांवर तीन राज्यांची नावे येऊ शकतात. शिवाय कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यातून जुना ट्रॅक्टर विकत आणून चिकोडीला नोंदवला की त्याला केए-23 (कर्नाटक, चिकोडी) चा नवा क्रमांक मिळतो. केए ही अक्षरे 1989 मध्ये लागू झालेल्या नव्या मोटार कायद्यानंतरची आहेत, पण पाटीवर ती दिसली म्हणजे खालचे लोखंडही नंतरचेच असे मुळीच नाही.

रूपावरून साल ओळखणेही फसवे ठरते. बी-275 इंग्लंडमध्ये 1958 ते 1968 एवढाच काळ बनला. आपल्याकडे मात्र तो बनवणारी भागीदारीतली कंपनी 1977 मध्ये महिंद्रात विलीन झाल्यानंतरही त्याच घाटाची यंत्रे येत राहिली. एचएमटी झेटर 2511 हे 1971 पासूनचे आणि स्वराज 724 हे 1974 पासूनचे, एवढे माहीत असले तर त्याआधीचे साल सांगणारा दावा तरी खोडता येतो.

फर्ग्युसन या ब्रिटिश ट्रॅक्टरच्या बाबतीत खुणा अधिक बोलक्या आहेत. 1946 ते 1956 या दशकात कॉव्हेंट्रीला बनलेल्या करड्या टीई-20 ची क्रमांकपट्टी डॅशबोर्डवर असते आणि तिच्यावरील अक्षरे इंजिनाचा प्रकार सांगतात; टीईएफ म्हणजे डिझेल, आणि ते 1951 च्या आधीचे असू शकत नाही. पुढच्या एफई-35 चा पत्रा करडा आणि इंजिन तांबूस-सोनेरी होते. 1957 च्या अखेरीस मॅसी फर्ग्युसनचा लाल-करडा रंग आला आणि 1959 मध्ये चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची जागा तीन सिलिंडरच्या पर्किन्सने घेतली. रंग मात्र कोणीही बदलू शकतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला ब्रश पोहोचलेला नसतो, म्हणून मी नेहमी तेथे आधी पाहतो.

सर्वांत भरवशाचा पुरावा माझ्या मते ओतकामातच, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी भागांवरच, असतो. परदेशी फोर्डच्या भागांवर ‘5एफ17’ अशा स्वरूपाची खूण आढळते : पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, अक्षर महिन्याचे, पुढे दिनांक. ए म्हणजे जानेवारी, म्हणून एफ म्हणजे जून. पण 5 म्हणजे 1965 की 1975? फोर्ड 3000 या दोन्ही वर्षी बनत होता. 1968 मध्ये त्याच्या बॉनेटचा व पुढच्या जाळीचा घाट बदलला, तेव्हा मूळ बॉनेट असेल तर निकाल तेथे लागतो. ओतकामानंतर जोडणीला काही काळ जातो, हेही लक्षात ठेवावे.

मात्र एका भागावरील तारखेवर थांबू नये. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि मशीनिंगची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. इंजिनाचा ब्लॉक फुटला, क्रँक झिजला, तर दुसऱ्या ट्रॅक्टरचे इंजिन बसवून घेणे ही येथे अडचण नव्हती. उसाच्या ट्रॉल्या ओढून झिजलेल्या यंत्रांत इंजिन एका सालाचे आणि गिअरबॉक्सचे हौसिंग (बाहेरचे कवच) दुसऱ्याच सालाचे आढळते. अशा वेळी ब्लॉक, हौसिंग आणि मागचा धुरा या तिन्हींवरील खुणा जुळवाव्या लागतात.

चेसिस क्रमांक आर. सी. बुकातून उतरवून घेण्यापेक्षा लोखंडावरूनच वाचावा. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने ग्रीस काढून, तारेच्या ब्रशने रंग हलकेच खरवडून त्या जागी खडू चोळला की खोल अंक पांढरे उठून दिसतात. हाताने लिहिलेल्या जुन्या बुकांत 3 चा 8 आणि 1 चा 7 झालेला असतो, आणि अनुक्रमातला एक अंक चुकला तर साल पुढे-मागे सरकते.