पाळीआधीचे चौदा दिवस

माझी भाची फैजपूरला दिलेली, केळीवाल्यांच्या घरात. लग्नाला दीड वर्ष झालं. गेले सहा-सात महिने दोघं मुलासाठी प्रयत्न करताहेत. मे महिन्यात ती माझ्याकडे जळगावला आली होती. दुपारी तीनच्या सुमाराला गर्भचाचणीची पांढरी पट्टी हातात घेऊन न्हाणीघरातून बाहेर आली, खिडकीच्या उजेडात धरून म्हणाली, "मावशी, इथं दुसरी रेघ आहे का गं? मला पुसट दिसतेय." मला दिसत नव्हती. पाळीला अजून चार दिवस होते. पण छाती भरून आली होती, सारखी झोप येत होती, सकाळी मळमळलंही होतं. सासूबाईंनी शेजारी सांगूनही टाकलं होतं, आणि "काही गोड बातमी शे का?" असे फोन सुरू झाले होते.

पाचव्या दिवशी पाळी आली. रडत रडत तिनं विचारलं, "मग मला हे सगळं होत कशाला होतं?"

तिला जे होत होतं ते खरंच होत होतं. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोषातून स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जिथून निघालं, त्या जागी एक छोटी पिवळसर ग्रंथी तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) बनवायला लागतो आणि गर्भाशयाचं अस्तर पाहुण्यासाठी तयार ठेवतो. पाहुणा येणार की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. तो दर महिन्याला हेच करतो. छाती दुखते ती याच प्रोजेस्टेरॉननं. झोप याच्यानंच येते, आतडी मंदावतात म्हणून पोट फुगतं, आणि अंगाचं तापमानही 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसनं वाढतं. दिवस गेलेले असोत वा नसोत, त्या दोन आठवड्यांत दोघींच्या अंगात एकच संप्रेरक काम करत असतं. मग लक्षणं वेगळी कुठून असणार?

गर्भधारणा झालीच असेल, तर ती होते बीजवाहिनीत. तिथून तो पेशींचा गोळा हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो आणि स्त्रीबीज सुटल्यानंतर सहा ते बारा दिवसांनी, बहुतेक वेळा आठव्या ते दहाव्या दिवशी, अस्तरात रुजतो. तोवर त्याची आणि आईच्या शरीराची ओळखच झालेली नसते. रुजल्यावर तो एचसीजी नावाचं संप्रेरक सोडू लागतो. या एचसीजीमुळे पीतपिंड सुकत नाही, अस्तर टिकतं आणि पाळी थांबते. सुरुवातीला ते अगदी नखभर असतं, पुढे दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. उलट्या-मळमळ सहसा पाळी चुकल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू होते. म्हणून पाळीच्या चार दिवस आधीची मळमळ मी तरी जळगावच्या उन्हाच्या आणि काळजीच्या खात्यात टाकीन. रुजताना काहींना फिकट गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. पण तसा डाग दिवस न गेलेल्या बाईलाही दिसू शकतो, त्यामुळे त्यावरूनही काही ठरत नाही.

भाचीला मी तिच्याच शेतातली गोष्ट सांगितली. केळ निसवते, म्हणजे फुलावर येते, तेव्हा आपल्याला तिचं कमळ दिसतं. पण तो फुलोरा त्याच्या बऱ्याच आधी जमिनीलगतच्या कंदात धरलेला असतो आणि खोडाच्या आतून वर चढत असतो. बाहेरून पानं तीच, खोड तेच. तुझे सासरे खोड चिरून बघतात का? ते लागवडीपासूनचे दिवस मोजतात. ती पहिल्यांदा हसली.

इथंही दिवसच मोजायचे. घरगुती किट लघवीतलं एचसीजी पकडतं, पण दर मिलिलिटरला साधारण 20 ते 25 मिलि-युनिट एवढं ते असावं लागतं. पाळीच्या चार दिवस आधी, दिवस गेलेले असले तरी, अनेकींमध्ये ते तेवढं नसतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पारा 44 वर, माणूस माठ रिकामा करतो, आणि दुपारची लघवी पाण्यासारखी पातळ होते. म्हणून पाळी चुकल्यावर, सकाळची पहिली लघवी. बहुतेक किटवर 30 अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, तेव्हा पत्र्याच्या घरात ते माळ्यावर टाकू नका, माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. निकाल पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच बघायचा. तासाभरानं वाळलेल्या पट्टीवर दिसणारी राखाडी रेघ धरायची नाही. वेळेत उमटलेली रंगीत रेघ मात्र पुसट असली तरी धरायची. रेघ नाही आणि पाळीही नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. मेडिकलवर मागायला संकोच वाटत असेल तर आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' किट असतं. उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर टेस्ट कधी करायची ते डॉक्टरांनाच विचारा, कारण त्या इंजेक्शननंही रेघ उमटते.

1920 च्या दशकाअखेर बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोन डॉक्टरांनी हीच परीक्षा शोधली, तेव्हा बाईची लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचून, काही दिवसांनी ती चिरून बघावी लागत असे. आपण पाच मिनिटं थांबतो.

वाट बघण्याच्या या दिवसांत करण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल घरात कुणीच बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोवर. ती नीट मिटायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायची, गोड बातमीनंतर नव्हे. आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे किंवा चोपडा-यावलच्या पाड्यांवर घर असेल तर दोघांनी सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी आधीच करून घ्यावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

टेस्टमध्ये रेघ आली आणि पोटात एका बाजूला जोरात कळ येत असेल, चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गर्भ बीजवाहिनीतच रुजलेला असू शकतो आणि ती फुटली तर जिवावर बेततं.

तरुण, निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते. वर्षभरात मात्र दहातल्या आठांपेक्षा जास्त जोडप्यांना यश येतं. म्हणून डॉक्टर वर्षभर थांबा म्हणतात. बाईचं वय 35 च्या वर असेल तर सहा महिने. त्यानंतर तपासणी दोघांची. अडचण असलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, तरी आपल्याकडे रांगेत बाईच उभी असते.

भाचीचं वर्ष दिवाळीला पुरं होतंय. तोवर तिनं किटचा डबा माझ्याकडे ठेवलाय आणि फॉलिक अ‍ॅसिडची पट्टी आपल्या उशाशी. दिवाळीनंतर जायची वेळ आलीच तर पहिली तपासणी माझी, असं जावईबापूंनी स्वतः फोन करून सांगितलं.