कॉन्फिगरेशन फाइलीकडे स्थलांतर

प्रोग्रॅम सुरू करताना कमांड लाइनवर फ्लॅग म्हणून (कमांडच्या नावापुढे लिहिलेले पर्याय म्हणून) दिल्या जाणाऱ्या सेटिंग्ज तिथून काढून वेगळ्या फाइलीत नेण्याची प्रक्रिया. एकदा चालून संपणाऱ्या छोट्या कमांडला फ्लॅग पुरतात. सर्व्हरवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या डेमनच्या (पार्श्वभूमीत सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज मात्र वाढत जातात आणि कधीतरी फाइलीत न्याव्याच लागतात.

अनेक मशिनवर ॲप्लिकेशन चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीतील क्यूबलेट हे याचे ठळक उदाहरण. प्रत्येक नोडवर (त्या प्रणालीतील मशिनवर) चालणाऱ्या या प्रोग्रॅमला एके काळी सारे काही फ्लॅगमधूनच सांगितले जाई. आता त्यातील बहुतेक फ्लॅग कालबाह्य ठरवले असून त्यांच्या माहितीत ‘हे मूल्य कॉन्फिग फाइलीतून द्या’ अशी सूचना असते. फाइलीचे स्वरूप आवृत्ती क्रमांकासह ठरलेले आहे, त्यामुळे एकच फाइल शेकडो नोडवर पाठवता येते, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवता येते आणि कोणी काय बदलले ते पाहता येते. 1.28 या आवृत्तीपासून मूळ फाइलीशेजारी पूरक फाइलींची डिरेक्टरी देण्याची सोयही आली. त्या फाइली नावांच्या क्रमाने एकावर एक लागू होतात.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. लिनक्सवर चालू प्रोसेसची कमांड लाइन सर्वसाधारणपणे त्या मशिनवरील कोणत्याही युजरला ‘पीएस’ कमांडने दिसते. तिथे टाइप केलेला पासवर्ड शेलच्या हिस्टरीतही (आधी दिलेल्या कमांडच्या यादीतही) राहतो. फाइलीला फक्त मालकाला वाचता येईल अशी परवानगी देता येते. अर्थात ती फाइल पासवर्डसकट गिटमध्ये गेली तर हा फायदा संपतो.

स्थलांतरातला खरा कठीण भाग म्हणजे अग्रक्रम: तीच सेटिंग फ्लॅगमध्येही असेल आणि फाइलीतही, तर कोणती मानायची? क्यूबलेट फ्लॅगला वरचढ मानतो, म्हणजे जुन्या स्क्रिप्ट मोडत नाहीत. पण सर्व्हिसच्या सुरुवातीच्या कमांडमध्ये राहून गेलेला एखादा फ्लॅग फाइलीतला बदल गुपचूप निष्प्रभ करतो, आणि फाइल वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत, चालवणाऱ्या डॉकरचा डेमन उलट वागतो. तीच सेटिंग दोन्हीकडे आढळली, की तो सेटिंगचे नाव घेऊन सुरू व्हायलाच नकार देतो. उबुंटूवर सिस्टमडीच्या युनिटमध्ये (सेवा कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलीत) सॉकेटचा, म्हणजे डॉकरने कुठे ऐकायचे ते सांगणारा, फ्लॅग आधीच असतो. त्यामुळे डॉकरच्या ‘डेमन डॉट जेसन’ फाइलीत तीच सेटिंग ‘होस्ट्स’ या नावाने लिहिणाऱ्या अनेकांची डॉकर सेवा तिथेच अडते. हे त्रासदायक आहे, पण दोन्हींत हेच धोरण अधिक चांगले: चूक सुरुवातीलाच आणि नावानिशी कळते. दूरच्या मशिनशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या ओपन एसएसएचच्या क्लायंटमध्ये आधी कमांड लाइन, मग युजरची फाइल, मग संपूर्ण मशिनची फाइल वाचली जाते आणि बहुतेक सेटिंग्जसाठी सर्वप्रथम सापडलेले मूल्य टिकते. म्हणून तिथे विशिष्ट होस्टचे नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली लिहावे लागतात.

फाइल बदलली म्हणजे चालू प्रोग्रॅम बदलला असेही नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये काही सेटिंग्ज नुसत्या रीलोडने (चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावून) लागू होतात, पण ‘शेअर्ड बफर्स’ किंवा ‘मॅक्स कनेक्शन्स’ यांना सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो. 2014 साली आलेल्या 9.4 आवृत्तीपासून एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतून सेटिंग बदलून ती वेगळ्या फाइलीत नोंदवता येते, तरी कमांड लाइनवर दिलेले मूल्य त्यावरही मात करते.

त्यामुळे चालू प्रोग्रॅमला त्याची प्रत्यक्ष सेटिंग विचारण्याची सोय हा अशा स्थलांतराचा आवश्यक भाग मानायला हवा. क्यूबलेटला ‘कॉन्फिगझेड’ या पत्त्यावर ती विचारता येते, तर एसएसएच सर्व्हर मोठ्या टी फ्लॅगने वेगळा चालवला की फाइल वाचून ठरणारी अंतिम मूल्ये छापतो. पोस्टग्रेसचा ‘पीजी सेटिंग्ज’ हा व्ह्यू (डेटाबेसमधील तयार तक्ता) सर्वांत नेमका आहे. मूल्य कमांड लाइनवरून आले की फाइलीतून, आणि फाइलीतला बदल रीस्टार्टसाठी खोळंबला आहे का, हे तो प्रत्येक सेटिंगपुढे दाखवतो.