मोतीबिंदू शस्त्रक्रियेतील भिंगाची निवड

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग, म्हणजे सगळे म्हणतात ती लेन्स, बसवतात. लेन्स ठरवताना दोन गोष्टी बघायच्या असतात, नंबर (म्हणजे लेन्सची ताकद) आणि प्रकार. पेशंटशी बोलणं बहुतेक प्रकाराबद्दल आणि पॅकेजबद्दलच होतं, पण ऑपरेशननंतर कसं दिसणार हे आधी नंबरवर अवलंबून असतं.

उगम : सुश्रुतसंहितेत कफज लिंगनाशावरची, म्हणजे मोतीबिंदूवरची, शस्त्रक्रिया आहे, पण तिच्यात गढूळपणा दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारतात, नवीन भिंग घालत नाहीत, त्यामुळे लेन्सचा उगम तिथपर्यंत नेणं बरोबर वाटत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस, साधारण 1795 च्या सुमारास, ड्रेस्डेनच्या कासामाटा नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरने काचेचं भिंग घालून बघितलं आणि ते डोळ्यात मागे घसरलं असं सांगतात. खरी सुरुवात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात डोळ्याचे सर्जन हॅरॉल्ड रिडली यांनी केली. तारीख मात्र दोन प्रकारे देतात, कुणी 29 नोव्हेंबर 1949 तर कुणी 8 फेब्रुवारी 1950. नोव्हेंबरात लेन्स घातली पण ती कायमची बसवली फेब्रुवारीत, असं धरलं तर दोन्ही तारखा जुळतात, आणि हेच जास्त पटतं. कल्पना कुठून आली यावरही दोन कथा आहेत. ऑगस्ट 1940 मध्ये लढाऊ वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सचे (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे) तुकडे घुसले आणि अशा तुकड्यांना डोळा फारसा सुजत नाही हे लक्षात आलं, ही एक कथा. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का घालत नाही असं स्टीव्ह पेरी नावाच्या विद्यार्थ्याने विचारलं, ही दुसरी. पहिलीतून मटेरियल मिळालं, दुसरीने काम पुढे ढकललं, असं मानायला हरकत नाही. लेन्स रेनर कंपनीने बनवली होती. पुढे म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत अशाच लेन्स बसल्या.

नंबर : रिडलींच्या पहिल्या पेशंटला ऑपरेशननंतर उणे 18 च्या आसपास चष्म्याचा नंबर आला, कारण लेन्सला आकार नैसर्गिक भिंगासारखा दिला होता पण पर्स्पेक्स प्रकाश जास्त वाकवतं. मोजून लेन्सचा नंबर काढायचं गणित रशियन डॉक्टर फ्योदोरोव यांनी 1967 मध्ये मांडलं, आणि 1980 चं एसआरके सूत्र तर इतकं सोपं आहे की कागदावर होतं : लेन्सच्या मॉडेलचा स्थिरांक, त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट वजा, बुबुळाच्या वक्रतेची 0.9 पट वजा. स्थिरांक 118.4, लांबी 23.5 मिमी, वक्रता 44 असेल तर उत्तर साधारण 20 येतं. लांबी चुकून 22.5 मिमी मोजली गेली की तेच उत्तर साधारण 22.5 होतं, म्हणजे एका मिलिमीटरने अडीच नंबर इकडचे तिकडे. जुन्या ए-स्कॅनमध्ये, म्हणजे अल्ट्रासाउंडने लांबी मोजताना, प्रोब बुबुळावर जरा दाबला गेला तरी डोळा आखूड मोजला जातो आणि पेशंटला पुढे मायनस नंबर लागतो. प्रकाशाने, न टेकवता मोजणारी मशीन 1999 पासून आली आणि हा घोळ खूप कमी झाला, पण मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर प्रकाश आरपार जात नाही, मग परत ए-स्कॅनच. आता बॅरेटसारखी नवी सूत्रं वापरतात. पूर्वी मायनस नंबर घालवायचं लॅसिक, म्हणजे लेझरचं ऑपरेशन, झालं असेल तर ते आवर्जून सांगावं, नाहीतर नेहमीचं गणित चुकून प्लस नंबर राहतो.

प्रकार : लेन्स नव्हत्या तेव्हा ऑपरेशन झालेल्यांना सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागायचा. आज साधी, एकाच अंतरावर स्पष्ट दाखवणारी मोनोफोकल लेन्स बहुतेक लांबचं दिसण्यासाठी ठरवतात, वाचायला चष्मा लागतो. जन्मभर मायनस नंबर असलेला, चष्मा काढून पोथी वाचणारा किंवा शिवणकाम करणारा माणूस असेल तर उणे अडीचच्या आसपास ठेवून जवळचं मोकळं ठेवता येतं, आणि हे ऑपरेशनच्या आधीच बोलून घ्यायला हवं. मल्टिफोकल लेन्स जवळ आणि लांब दोन्हीसाठी प्रकाश वाटून देते, त्यामुळे चष्मा सुटण्याची शक्यता वाढते पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि काँट्रास्ट घटतो, म्हणून रात्री गाडी चालवणाऱ्यांना, तसंच काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असणाऱ्यांना सहसा देत नाहीत. टोरिक लेन्स सिलिंडर नंबरसाठी, ती एक अंश फिरली तर सुमारे 3.3 टक्के आणि 30 अंश फिरली तर जवळपास सगळा फायदा जातो. पिवळसर लेन्सने पडद्याचं रक्षण होतं असं सांगतात, ते अजून नीट सिद्ध झालेलं नाही.

मटेरियल : कडक पीएमएमए (म्हणजे पर्स्पेक्सच) लेन्सला आत जायला साधारण 6 मिमीचा छेद लागतो, घडीच्या अ‍ॅक्रिलिक लेन्सला अडीचच्या आसपास पुरतो. कडा चौकोनी असेल तर लेन्समागची पातळ पिशवी पांढरी होणं, ज्याला लोक मोतीबिंदू परत आला म्हणतात, ते कमी होतं, आणि झालंच तर याग लेझरने काम होतं. भारतात मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्त लेन्स बनवायला घेतल्या, त्यानंतर शिबिरातल्या पेशंटलाही लेन्स मिळू लागली.

डिस्चार्ज कार्डावर लेन्सचं मॉडेल, नंबर आणि सीरियल असलेलं स्टिकर लावतात. ते जपून ठेवावं, कारण दुसऱ्या डोळ्याचा नंबर ठरवताना पहिल्यात कोणती लेन्स घातली आणि प्रत्यक्षात काय नंबर आला हे डॉक्टर बघतात.