न रडणाऱ्या बाळाला श्वास कुणी द्यायचा : पार्श्वभूमी

शंभरातली नव्वदएक बाळे जन्मताच आपली आपण रडतात. दहाएकांना मदत लागते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कोरड्या फडक्याने पुसून पाठ चोळली की तेवढ्याने भागते. तीन ते सहा बाळांना मात्र पहिल्या मिनिटातच कुणीतरी मास्क लावून श्वास द्यावा लागतो. ते 'कुणीतरी' कोण असावे, हा वाद महाराष्ट्राने फार जवळून पाहिला आहे.

साधन जुनेच आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या फुप्फुसांत हाताने हवा भरत होते. १९५६ मध्ये डेन्मार्कमधूनच आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आली. आपल्याकडे सगळे तिला अंबू बॅग म्हणतात. तिला वीज लागत नाही आणि सिलिंडरही लागत नाही. दाबली की हवा आत, सोडली की पिशवी पुन्हा भरलेली. बाळाची अवस्था पाहून जन्मतः गुण द्यायची (अपगार) पद्धत १९५३ ची, आणि नवजात पुनरुज्जीवनाचा, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाला वाचवण्याचा, रीतसर अभ्यासक्रम अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झाला. तिथून तो भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत आला.

खेड्यात तेव्हा बाळंतपण घरीच व्हायचे. बाळ रडले नाही तर सुईण वार (बाळामागून पडणारा नाळेचा गोळा) शेकायची, कानाशी थाळी वाजवायची, नाकाशी कांदा धरायची. वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, ही रीत अनेक ठिकाणी होती. तेवढा वेळ बाळ ओलेच पडून राही. ते गेले की 'मेलेलेच जन्मले' म्हणायचे, आणि अशा बाळाची नोंद बालमृत्यूत होत नसे. गुदमरून किती बाळे जातात याचा अंदाज इतकी वर्षे कमी का लागला, याचे एक कारण या सवयीत आहे.

गडचिरोलीतल्या एका सामाजिक आरोग्य संस्थेने १९९३ पासून गावोगाव जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली आणि १९९५ पासून ३९ गावांत घरपोच नवजात बाळसेवा सुरू केली. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. तुलनेला ४७ गावे होती. सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, हा आकडा २५ च्या आसपास आला. श्वास द्यायची साधनेही बदलत गेली. आधी तोंडाने फुंकर, मग नळीने फुंकायचा मास्क, आणि १९९९ पासून अंबू बॅग. आरोग्यदूत बाळाची मान ना वाकलेली ना ताणलेली अशी ठेवायच्या, नाक-तोंड मास्कखाली घट्ट झाकायच्या आणि छाती वर येते का यावर नजर ठेवून मिनिटाला ४० ते ६० वेळा पिशवी दाबायच्या. तीव्र गुदमरलेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. नळीपेक्षा पिशवी सरस दिसली, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. गावातल्या बायकांनी श्वास देण्याला ज्यांचा विरोध होता, त्यांनी हा मुद्दा सोडला नाही.

आक्षेप मुळात वेगळाच होता. डॉक्टर नसलेल्या बाईने बाळाच्या फुप्फुसात हवा भरायची? जोर जास्त झाला तर फुप्फुस फाटेल, वेळ वाया जाईल, आणि बाळ गेले तर जबाबदार कोण? हे प्रश्न खोटे नव्हते. पण त्या गावांत पर्याय डॉक्टर हा नव्हताच. पर्याय होता शेकलेली वार. ही तुलना बैठकांमध्ये क्वचितच झाली असे मला वाटते.

दुसरी अडचण ऑक्सिजनची. शंभर टक्के ऑक्सिजन हवाच, असे पाठ्यपुस्तक सांगत होते, आणि सिलिंडर खेड्यात कुठून येणार? ही समजूत मोडायला भारतातल्या प्रसूतिगृहांचा मोठा हातभार लागला. साध्या हवेने श्वास देण्याचा एक सुरुवातीचा छोटा अभ्यास दिल्लीत झाला, तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९८ च्या अनेक देशांतल्या अभ्यासातही भारतीय केंद्रे होती. साध्या हवेत बाळे कमी दगावतात असे पुढच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसले, आणि २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी सुरुवात साध्या हवेनेच करा असे सांगितले. म्हणजे खेड्यात जे नाइलाजाने केले जात होते तेच योग्य ठरले.

तोवर धोरणाने दिशा बदलली होती. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे दवाखान्यात आणली. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शंभरातली ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत, २०१९-२१ च्या पाहणीत ती ९५ झाली. २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात डॉक्टर, परिचारिका आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यात अंबू बॅग होती. २०११ मध्ये गडचिरोलीचीच घरभेटींची पद्धत आशांमार्फत, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांमार्फत, देशभर गेली. बाळ घरी जन्मले तर सात भेटी, दवाखान्यात जन्मले तर सहा. आशाने वजन करायचे, तापमान बघायचे, स्तनपानाला मदत करायची. अंबू बॅग मात्र तिच्या पेटीत आली नाही.

या निर्णयामागे कारण होते आणि ते मला पटते. घरची बाळंतपणे कमी झाली की एका आशाला गुदमरलेले बाळ वर्षानुवर्षे दिसणार नाही, आणि सराव गेला की हात बसत नाही. प्रसूतिकक्षातही हेच होते; प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेचे कौशल्य काही महिन्यांत उतरते. म्हणून वरचेवर बाहुलीवर सराव घ्यायचा आग्रह धरला जातो.

पण सरासरीवर घेतलेला निर्णय दुर्गम तालुक्याला लागू पडतोच असे नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे ११ नवजात बाळे दगावली, देशात २०. या आकड्यात पुणे आणि गडचिरोलीतले दुर्गम भामरागड एकत्र मोजले जातात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो; १०८ ची रुग्णवाहिका पलीकडेच थांबते. म्हणून तारीख जवळ आलेल्या बाईला माहेरघरात, म्हणजे दवाखान्यापाशी केलेल्या मुक्कामाच्या सोयीत, आणून ठेवायचे, ही सध्याची तोड आहे. कळा तारखेच्या आधी आल्या तर बाळंतपण घरी किंवा वाटेत होते. अशा गावांतल्या आशांना तरी अंबू बॅग आणि दर काही महिन्यांनी बाहुलीवर सराव द्यावा, ही मागणी त्यातूनच येते.