स्मॉलफिल्म्स

स्मॉलफिल्म्स : इंग्लंडच्या केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या ब्लीन या खेड्यात १९५९ मध्ये सुरू झालेली, लहान मुलांसाठी अ‍ॅनिमेशन मालिका तयार करणारी संस्था. ऑलिव्हर पोस्टगेट (१९२५–२००८) आणि पीटर फर्मिन (१९२८–२०१८) हे तिचे संस्थापक. बहुतेक सगळे कामही हे दोघेच करत. फर्मिन यांच्या घराच्या आवारात गायींचा एक रिकामा गोठा होता, तोच यांचा स्टुडिओ. 'आयव्हर द एंजिन', 'नॉगिन द नॉग', 'क्लँगर्स' आणि 'बॅगपस' या मालिका या संस्थेने केल्या. १९६० ते १९८० च्या दरम्यान ब्रिटनमध्ये लहानाचे मोठे झालेल्यांच्या मनात त्या अजून ताज्या आहेत.

पोस्टगेट हे मजूर पक्षाचे नेते जॉर्ज लॅन्सबरी यांचे नातू. १९५७ च्या सुमारास ते असोसिएटेड-रिडिफ्यूजन या खाजगी दूरचित्रवाणी कंपनीत मंचव्यवस्थापक होते. तिथले मुलांचे कार्यक्रम पाहून, एवढ्याच पैशांत याहून चांगले काही करता येईल, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी एका उंदराची गोष्ट लिहिली आणि चित्रांसाठी कलाशाळेत शिकवणाऱ्या फर्मिन यांना गाठले. पात्रे चुंबकावर बसवलेली. टेबलाखालून दुसरा चुंबक फिरवला की वरचे पात्र सरकायचे आणि कॅमेरा ते आरशातून टिपायचा. हा सगळा खटाटोप थेट प्रक्षेपणात चाले, आणि चुंबकांनी व्हायचा तेवढा त्रास झाला. असे सुमारे २६ भाग निभावून नेल्यावर कर्णबधिर मुलांसाठी एका छोट्या मालिकेचे काम आले. खर्चाला मिळाले १७५ पौंड. ती मात्र त्यांनी फिल्मवर, एकेक चौकट (फ्रेम) टिपत केली. पुढे हीच त्यांची पद्धत झाली.

कामाची वाटणी सरळ होती. फर्मिन चित्रे काढत, बाहुल्या आणि देखावे बनवत. पोस्टगेट गोष्ट लिहीत, पात्रे हाताने हलवून १६ मिमी कॅमेऱ्याने चित्रण करत, संकलन करत आणि निवेदनही स्वतःच करत. कॅमेऱ्याची एकेक चौकट पुढे ढकलणारे उपकरणही त्यांनी घरीच तयार केले होते. या पद्धतीने दिवसाला सुमारे दोन मिनिटांची फिल्म हातावेगळी होई. ब्रिटिश दूरचित्रवाणीला सेकंदाला २५ चौकटी लागतात. म्हणजे दोन मिनिटांना ३,०००. मोठ्या स्टुडिओंत एवढे काम व्हायला कितीतरी जास्त वेळ लागे.

हा वेग नुसत्या कष्टांतून आला नाही. कुठे कष्ट करायचे नाहीत, हे पोस्टगेट यांना नेमके कळले होते. जे आवाजाने सांगता येते ते हलवायचे नाही, हा त्यांच्या कामातला न लिहिलेला नियम दिसतो. 'आयव्हर द एंजिन' (१९५९) ही वेल्समधल्या एका छोट्या रेल्वे इंजिनाची गोष्ट. इंजिन आणि माणसे पुठ्ठ्यातून कापलेली, मागे फर्मिन यांनी रंगवलेले डोंगर. इंजिनाचा फुसफुसाट पोस्टगेट स्वतः तोंडाने काढत. पुठ्ठ्याचे इंजिन डोंगराच्या चित्रावरून सरकते, तोंडाने काढलेली वाफ ऐकू येते, संगीतकार व्हर्नन एलियट यांचे बसून हे फुंकून वाजवायचे वाद्य खर्जात वाजते, आणि पाहणाऱ्याला गाडी चढणीवर दमलेली खरोखर जाणवते. त्याच वर्षी बीबीसीसाठी 'नॉगिन द नॉग' आली. ब्रिटिश म्युझियममधल्या, स्कॉटलंडच्या ल्यूइस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळातील सोंगट्यांवरून फर्मिन यांना ती सुचली होती. तिच्यात पात्रे बराच वेळ स्तब्धच उभी असतात आणि निवेदक शांतपणे सागा, म्हणजे जुन्या उत्तर युरोपीय धर्तीची वीरकथा, सांगत राहतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला चित्र नीट न्याहाळायला वेळ लागतो, आणि तो वेळ या मालिका देतात. काटकसरीतून आलेली ही संथ लय मुलांच्या पाहण्याशी जुळली, हेच स्मॉलफिल्म्सचे खरे यश मानावे लागेल.

पुठ्ठ्यानंतर बाहुल्या आल्या. १९६५ च्या 'द पोगल्स'मधली चेटकीण लहानग्यांसाठी फारच भीतिदायक आहे, असे बीबीसीला वाटले. पुढच्या 'पोगल्स वुड'मध्ये ती नव्हती. तिच्या जागी रानातले आणि शेतावरचे रोजचे जग आले.

'क्लँगर्स' ही त्यांची पहिली रंगीत मालिका. तिचा पहिला भाग १६ नोव्हेंबर १९६९ रोजी, म्हणजे माणूस चंद्रावर उतरल्यावर चार महिन्यांनी दाखवला गेला. एका लहानशा निळ्या ग्रहावर राहणारे, लांब नाकाचे, उंदरासारखे प्राणी; बिळांवर धातूची झाकणे. ती आपटली की होणाऱ्या आवाजावरून त्यांचे नाव पडले. फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी ते गुलाबी लोकरीत विणले. आतल्या सांगाड्यात मेकॅनो या खेळण्याचे तुकडे होते. ग्रहाच्या पोटात सूप ड्रॅगन राहतो आणि सगळ्यांना सूप पुरवतो. आकाशात लोखंडी कोंबडी आहे. संगीताची झाडे आहेत. क्लँगर बोलतात ते शिट्टीत. दट्ट्या पुढेमागे करून सूर वरखाली करता येणारी ही शिट्टी. पण तिच्यामागे इंग्रजीत पूर्ण लिहिलेले संवाद होते. वाजवणाऱ्याने वाक्याचा चढउतार जसाच्या तसा शिट्टीत आणायचा. एका प्रसंगी दार अडकते आणि मेजर क्लँगर वैतागून शिवी हासडतो. संहितेतली ती शिवी वाचून बीबीसीने हरकत घेतली होती, ही हकीकत पोस्टगेट पुढे आवडीने सांगत. ऐकू येणार होती फक्त शिट्टी. तरी सूर इतका अचूक की शब्द ओळखू येतील, ही बीबीसीची भीती. मुलांसाठी काम करताना मोठ्यांइतकीच चोख संहिता लिहिणे म्हणजे काय, ते यावरून कळते. १९७२ पर्यंत मालिकेचे २६ भाग झाले. १९७४ च्या ऑक्टोबरमधील सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी एक खास भाग दाखवला गेला. त्यात निवेदक क्लँगरांना निवडणूक समजावून सांगू पाहतो आणि ते काही पटवून घेत नाहीत.

'बॅगपस' १२ फेब्रुवारी १९७४ रोजी सुरू झाली. तिचे फक्त १३ भाग निघाले. जुन्या पिवळट छायाचित्रांनी ती उघडते; त्यांतली मुलगी म्हणजे फर्मिन यांची कन्या एमिली. तिच्या दुकानात काही विकत मिळत नाही. हरवलेल्या, मोडक्या वस्तू ती आणून ठेवते, मग कापडी मांजर बॅगपस जागे होते, त्याच्याबरोबर उंदीर, चिंध्यांची बाहुली आणि लाकडी सुतारपक्षी जागे होतात आणि वस्तू दुरुस्त होते. हे मांजर पिवळ्या-नारिंगी पट्ट्यांचे व्हायचे होते. कापड रंगवताना गफलत झाली आणि पट्टे गुलाबी-पांढरट उतरले. तेच ठेवले गेले. विद्वत्तेचा तोरा मिरवणारा सुतारपक्षी यॅफल हा तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांच्यावर बेतलेला आहे. गाणी सँड्रा कर आणि जॉन फॉकनर या लोकसंगीत गायकांची. इथेही हात राखूनच काम आहे : प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट तोच, मधली गोष्ट बऱ्याचदा साध्या चित्रांतून सांगितलेली. मुलांना पुनरावृत्ती हवीच असते, त्यामुळे ही बचत त्यांना खटकली नाही. १९९९ मध्ये बीबीसीने घेतलेल्या जनमत चाचणीत मुलांच्या सर्वांत आवडत्या कार्यक्रमाचा मान 'बॅगपस'ला मिळाला.

एवढ्या लहान संस्थेला इतकी वर्षे काम मिळत राहिले, त्यात बीबीसीच्या तेव्हाच्या रीतीचा वाटा मोठा आहे. पोस्टगेट यांनी सांगितल्याप्रमाणे ते वर्षातून एकदा जाऊन झालेले काम दाखवत, पुढे काय करणार ते सांगत. पसंत पडले की थोडे पैसे आगाऊ मिळत आणि मंडळी गोठ्यात परतत. मधे कोणी डोकावत नसे. विश्वासाने चालणारा असा व्यवहार नसता, तर शिट्टीत बोलणारे लोकरीचे प्राणी कोणत्याही बैठकीत मंजूर झाले असते, असे वाटत नाही. 'आयव्हर' १९७५ पासून पाच-पाच मिनिटांच्या ४० भागांत रंगीत होऊन पुन्हा आली. १९८० च्या दशकात लेखिका रूमर गॉडन यांच्या कथेवरची, बाहुल्यांच्या घराची मालिका (१९८४) आणि आणखी थोडे काम झाले. त्यानंतर नव्या मागण्या थांबल्या. मुलांच्या कार्यक्रमांची सूत्रे तोवर देशोदेशी विक्रीचा हिशेब मांडणाऱ्यांकडे जाऊ लागली होती.

२०१५ मध्ये 'क्लँगर्स' नव्याने सुरू झाली. पोस्टगेट यांचे पुत्र डॅनियल आणि स्वतः फर्मिन तिच्यात सहभागी होते. ब्रिटनमध्ये अभिनेते मायकेल पेलिन यांनी, तर अमेरिकेत अभिनेते विल्यम शॅटनर यांनी निवेदन केले. संगणकावर प्राणी उभे करणे सोपे असतानाही विणलेल्या बाहुल्या आणि स्टॉप मोशन, म्हणजे एकेक चौकट टिपण्याची जुनी पद्धत, कायम ठेवले गेले. त्याच वर्षी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांसाठीच्या अ‍ॅनिमेशनचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार तिला मिळाला.