लेन्स ‘बसते’ म्हणजे नेमके काय? एकाहून अधिक मिररलेस बॉडी बाळगणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी

गड्ड्याच्या यात्रेचे आणि त्यानंतरच्या लग्नसराईचे काम करणाऱ्या सोलापूरच्या छायाचित्रकाराकडे आज दोन-तीन मिररलेस (आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्याच्या, लेन्सविना) बॉडी असणे नवलाचे राहिलेले नाही, आणि त्या एकाच वेळी घेतलेल्या असणे दुर्मिळच. एक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची), एक जुनी क्रॉप (लहान सेन्सरची) आणि व्हिडिओसाठी जोडीदाराची दुसऱ्याच कंपनीची, अशी सरमिसळ असते. त्यामुळे लेन्स नवी घ्यायची असो वा वापरलेली, पहिला प्रश्न ‘ही दोन्हीला बसते का?’ हाच असतो, आणि गोंधळाचे मूळ याच क्रियापदात आहे.

फिल्मच्या काळात ते क्रियापद पुरेसे होते. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची बॉडीची खाच, 1959 सालचा. लेन्स फिरवून खटका लागला की काम झाले, कारण फोकस हातानेच करायचा होता. ऑटोफोकस आल्यावर बसणे आणि चालणे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. निकॉनने माउंट तोच ठेवून मोटर बॉडीत घातली आणि एका स्क्रूने लेन्स फिरवली. कॅननने 1987 मध्ये जुना एफडी माउंट सोडून दिला, मोटर लेन्समध्ये नेली आणि बॉडीशी संबंध केवळ विद्युत संपर्कांचा ठेवला. एफडी लेन्स जमवलेल्यांचा त्या वेळी संताप झाला, आणि तो रास्तच होता. मात्र त्या निर्णयाची फळे तीस वर्षांनी दिसली.

आरसा काढून टाकल्यावर माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर कमी करता आले. निकॉन एफमध्ये ते 46.5 मिमी आणि कॅनन ईएफमध्ये 44 मिमी होते. सोनी ई माउंटमध्ये ते 18, कॅनन आरएफमध्ये 20 आणि निकॉन झेडमध्ये अवघे 16 मिमी आहे. मधल्या मोकळ्या जागेत अडॅप्टर, म्हणजे दोन माउंट जोडणारी कडी, मावतो, म्हणून डीएसएलआरची (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याची) लेन्स मिररलेसला लागते. उलट दिशेने ती वाट बंद आहे, कारण लेन्स ठरल्यापेक्षा दूर गेली की लांबचे काहीच स्पष्ट होत नाही. 2018 मध्ये कॅनन आणि निकॉन या दोघांनीही नव्या माउंटबरोबर आपापले अडॅप्टर दिले आणि तेव्हा ‘बसते’ या शब्दाची खरी कसोटी लागली. कॅननच्या ईएफ लेन्स नव्या बॉडीवर ऑटोफोकससह चालल्या. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये स्क्रू फिरवणारी मोटरच नव्हती. त्यामुळे निकॉनच्या डी90 या डीएसएलआरवर वर्षानुवर्षे चाललेली 50 मिमी एफ/1.8 डी लेन्स झेड बॉडीला बसते, पण तिचा फोकस हाताने करावा लागतो. अक्षता पडण्याच्या क्षणी हा फरक लहान राहत नाही. (निकॉनची लेन्स इतरांच्या उलट दिशेने फिरवून बसते, हेही दोन कंपन्यांच्या बॉडी गळ्यात अडकवणाऱ्याला अंधाऱ्या मंडपात नव्याने आठवते.)

बसणे आणि चालणे यांपलीकडे ‘पुरणे’ हा तिसरा अर्थ आहे. क्रॉप सेन्सरसाठी घडवलेली लेन्स त्याच माउंटच्या फुल फ्रेम बॉडीला बसते आणि चालतेही. पण तिचे प्रतिमावर्तुळ (लेन्स सेन्सरवर पाडते ते गोल चित्र) लहान असल्याने बॉडी स्वतःच सेन्सरचा मधला भाग तेवढा वापरते. सोनी ए7 थ्रीचे 24 मेगापिक्सेल अशा वेळी 10 वर येतात आणि चित्राची रुंदी 3,936 पिक्सेल उरते. अल्बमच्या छोट्या चौकटीला ती भरपूर आहे. 36 इंच पसरलेल्या जोडपानावर मात्र इंचाला जेमतेम 110 पिक्सेल येतात. याउलट फुल फ्रेमची 24-70 मिमीची झूम लेन्स क्रॉप बॉडीवर लावल्यास पिक्सेल गमावत नाहीत, पण दृश्य साधारण 36-105 इतके आवळते, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गल्लीत मागे सरकायला जागा कुठे असते?

एकाच कंपनीच्या दोन बॉडी घेतल्या म्हणजे प्रश्न सुटतो, हा समजही कॅननच्याच इतिहासाने खोटा ठरवला. 2012 च्या ईएफ-एम माउंटचे अंतर 18 मिमी, 2018 च्या आरएफचे 20. ईएफ-एमची लेन्स आरएफ बॉडीत 2 मिमी आत शिरल्याशिवाय नीट चालणार नाही, आणि उलट बाजूच्या 2 मिमीच्या फटीसाठी कंपनीने कधी अडॅप्टर काढला नाही. परिणामी एम50 (ईएफ-एम माउंटची) आणि आर (आरएफची) अशी जोडी असलेल्याला दोन्ही मिररलेस बॉडींवर फिरवता येणारी लेन्स म्हणजे जुन्या डीएसएलआरची ईएफच, तीही दोन वेगवेगळ्या अडॅप्टरांवर. सोनीने 2010 मध्ये क्रॉपसाठी आणलेला ई माउंट 2013 च्या ए7 मध्ये फुल फ्रेमला तसाच वापरला. 46.1 मिमी व्यासाचे तोंड त्यासाठी अरुंद आहे, असा आक्षेप पुष्कळ काळ चालला. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन बॉडी बाळगणाऱ्याच्या दृष्टीने तो आक्षेप गौण होता.

इतर उत्पादकांच्या स्वस्त लेन्सचा प्रश्न याला जोडूनच येतो. सोनीने माउंटची मूलभूत माहिती 2011 मध्ये विनाशुल्क खुली केली. कॅनन कंपनीने 2022 मध्ये आरएफसाठी तिच्या परवानगीविना इतरांनी बनवलेल्या ऑटोफोकस लेन्स थांबवण्याची भूमिका घेतली आणि 2024 मध्ये सिग्मा व टॅमरॉन या लेन्स-उत्पादकांना वाट दिली, तीही सुरुवातीला क्रॉप लेन्सपुरतीच.

खुल्या माउंटलाही अटी असतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर धावणारा लांडगा टिपायला सोनी ए1 सेकंदाला 30 चित्रे घेऊ शकतो. इतर उत्पादकाची लेन्स लावताच तो वेग 15 वर थांबतो, आणि तिच्यामागे टेलिकन्व्हर्टर (लांबचे आणखी जवळ आणणारी जोडभिंग) लावायची सोयही उरत नाही. दुकानात मात्र उत्तर तेच मिळते : ‘बसते की.’