दोन मद्यपी समोरासमोर बसले तेव्हा: स्वमदत गटांची पार्श्वभूमी

दारू, ड्रग्ज, जुगार, अतिखाणे… आज जवळपास प्रत्येक व्यसनासाठी स्वमदत गट आहेत. तिथे फी नसते, डॉक्टर नसतो, वरून हुकूम सोडणारा कोणी साहेबही नसतो. काही माणसे गोल करून बसतात, एक जण आपली हकीकत सांगतो आणि बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. हे इतके साधे दिसते की त्याला इतिहास असेल असे वाटतच नाही. पण ही पद्धत कोणा तज्ज्ञाने आखून दिलेली नाही. व्यसनात बुडालेल्या माणसांनीच ती ठेचा खात घडवली. तिच्या आधीची एक मोठी चळवळ तर भरभराटीला येऊन काही वर्षांत कोसळली. ती का कोसळली हे समजले की आजच्या गटांचे नियम असे का, याचाही उलगडा होतो.

एप्रिल १८४० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात गुत्त्यावर जमणाऱ्या सहा मित्रांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि स्वतःच एक संस्था काढली. तिला नाव दिले वॉशिंग्टनचे. तोवर दारूबंदीचा प्रचार करायचे ते कधीही न पिणारे सभ्य लोक, आणि पिणारा माणूस त्यांच्या लेखी पापी तरी असायचा किंवा वाया गेलेला. या सहा जणांनी व्याख्यानांना फाटा दिला. सभेत उठायचे, स्वतःवर काय गुदरले ते सांगायचे आणि पुढच्या वेळी एका पिणाऱ्याला सोबत आणायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. लाखोंनी शपथपत्रावर सह्या केल्या. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये या चळवळीपुढे भाषण करताना तरुण वकील अब्राहम लिंकन यांनी तिच्या यशाचे नेमके कारण सांगितले: स्वतः त्यातून बाहेर आलेल्या माणसाचे बोलणे मनाला भिडते, आणि पिणाऱ्याला धिक्काराने नाही, आपुलकीने जिंकता येते.

मग जे व्हायचे ते झाले. कधी न पिणारे लोक मोठ्या संख्येने सभासद झाले. कायद्याने दारूबंदी हवी की नको, यावर तट पडले. उत्तम वक्ते प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्यापैकी कोणी पुन्हा प्यायला लागला की सगळ्या चळवळीची अब्रू जायची. सही केल्यानंतरच्या शंभर-दोनशे दिवसांत माणसाने काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दशक संपता संपता चळवळ जवळपास विरून गेली. मला या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात दुःखद गोष्ट वाटते, कारण मूळ कल्पना त्यांच्या हाती अचूक लागली होती.

पुढची जवळपास नव्वद वर्षे तुरळक प्रयत्नांची. स्वित्झर्लंडमध्ये १८७७ साली लुई-ल्युसियाँ रोशा या धर्मोपदेशकाने ब्लू क्रॉस हा दारू सोडवू पाहणाऱ्यांचा गट सुरू केला. अमेरिकेत ‘रामबाण’ औषधे देणाऱ्या दवाखान्यांची चलती होती. सोडलेली दारू सुटलेलीच राहावी यासाठी टिकाऊ व्यवस्था मात्र बहुतेकांच्या वाट्याला आली नाही.

विसाव्या शतकाच्या तिशीत धागे जुळू लागले. फ्रँक बुकमन यांचा ऑक्सफर्ड ग्रुप हा ख्रिस्ती गट आत्मपरीक्षण, दोषांची कबुली, दुखावलेल्यांची भरपाई आणि दुसऱ्याला मदत यांवर भर द्यायचा. तो मद्यपींसाठी नव्हता, पण काही मद्यपी तिथे पोचले. त्यांतल्या रोलंड हॅझर्ड यांना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी स्पष्ट सांगितले होते की वैद्यकीय उपायांची आता आशा नाही, खोल आत्मिक बदल झाला तरच काही होईल. हा निरोप एबी थॅचर या मित्राकरवी न्यूयॉर्कच्या बिल विल्सनपर्यंत आला. विल्सन शेअर बाजारात काम करणारा, दारूपायी धुळीला मिळालेला. डिसेंबर १९३४ मध्ये तो दारू सोडवणाऱ्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला आणि त्यानंतर कधीच प्यायला नाही.

बाहेर आल्यावर त्याने धडाक्याने इतर मद्यपींना सुधारायला घेतले. पाच-सहा महिन्यांत एकही सुधारला नाही. टाउन्समधले डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला बजावले की प्रवचन पुरे, आधी या आजाराची भीषणता सांग.

मे १९३५ मध्ये तो एका कंपनीच्या ताब्याच्या लढाईसाठी ओहायोतल्या ॲक्रन शहरात गेला आणि हरला. शनिवारी संध्याकाळी मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटा, खिशात थोडेसे पैसे. एका टोकाला बार, तिथून हसण्या-बोलण्याचे आवाज. दुसरीकडे टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. आपण आता पिणार हे त्याला कळले. त्याच वेळी त्याच्या हेही लक्षात आले की गेले काही महिने त्याने कोणाला वाचवले नसले, तरी त्या खटपटीत तो स्वतः वाचला होता. त्याला त्या घडीला एक दुसरा मद्यपी हवा होता, आणि तो स्वतःसाठी. तो फोन करत सुटला. शेवटी हेन्रिएटा साइबरलिंग या बाईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या घरी डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ घालून दिली.

डॉ. बॉब कुढतच आले होते. पंधरा मिनिटांवर थांबायचे नाही असे ठरवूनच. बोलणे कित्येक तास चालले. दारूबद्दल त्यांनी खूप वाचले होते, उपदेशही भरपूर ऐकला होता. स्वतःच्या अनुभवातून बोलणारा माणूस मात्र त्यांना पहिल्यांदाच भेटला. मध्ये एकदा ते घसरले. १० जून १९३५ हा त्यांचा पिण्याचा शेवटचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिन मानला जातो. महिनाअखेरीस दोघांनी ॲक्रनच्या इस्पितळात खाटेवर पडलेला तिसरा गाठला.

स्वमदत गटांचे सगळे मर्म हॉटेलच्या लॉबीतल्या त्या संध्याकाळच्या उमगण्यात आहे असे मी मानतो. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची गरज असते. त्यामुळे पहिल्यांदा आलेला थरथरता माणूस गटावर ओझे नसतो. उलट जुन्या सदस्याला स्वतःचे पहिले दिवस तो आठवून देतो. पुढे १९६५ साली समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी याला सिद्धान्ताचे रूप दिले: मदत करणाऱ्याला मदतीचा सगळ्यात मोठा लाभ होतो.

तोंडी सांगितलेले अनुभव १९३९ साली संस्थेच्या नावानेच पुस्तकात आले आणि त्यात दारूतून बाहेर येण्याच्या बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. ईश्वर किती आणि कसा यावर बरीच वादावादी झाली. जिम बरवेलसारख्या नास्तिक सदस्यांच्या आग्रहामुळे ‘आम्हाला जसा उमगला तसा ईश्वर’ अशी सवलत मिळाली. या एका सवलतीने किती जणांना दार उघडे राहिले असेल! मार्च १९४१ मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकातल्या जॅक अलेक्झांडर यांच्या लेखाने नाव घरोघरी पोचले. सुमारे दोन हजारांचे सदस्यबळ वर्षअखेरीस आठ हजारांवर गेले.

वाढीबरोबर वॉशिंग्टनवाल्यांचीच दुखणी डोके वर काढू लागली: पैसा, प्रसिद्धी, कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही. यावेळी उत्तर तयार झाले. १९४६ साली लिहिलेल्या आणि १९५० च्या क्लीव्हलँड अधिवेशनात स्वीकारलेल्या बारा परंपरा म्हणजे गट मोडू नये यासाठी घातलेले कुंपण. सदस्यत्वाला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. बाहेरच्या देणग्या नाहीत. बाहेरच्या वादांवर मत नाही. वृत्तपत्रांत, रेडिओवर आपले नाव नाही. निनावीपणा सुरुवातीला बदनामीच्या भीतीपोटी आला होता, नंतर तो अहंकाराला लगाम म्हणून ठेवला गेला. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली मानद पदवी विल्सन यांनी याच कारणाने नाकारली.

पुढचा विस्तार भराभर झाला. १९५१ मध्ये बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन आणि त्यांच्या एका सहकारी यांनी कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन उभे केले. मद्यपीची बायको वर्षानुवर्षे बाटल्या शोधते, खोटी कारणे देते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यासाठी वेगळी जागा लागते हे मान्य होणे मोठे पाऊल होते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात ड्रग्जच्या व्यसनासाठी नार्कोटिक्स ॲनॉनिमस सुरू झाले. १९५७ मध्ये जुगाऱ्यांचा, १९६० मध्ये अतिखाण्याचा गट आला.

सगळ्यांनी हाच साचा घेतला असे नाही. जपानमधल्या दानशुकाई या दारू सोडणाऱ्यांच्या गटांचे राष्ट्रीय संघटन १९६३ मध्ये झाले. तिथे सदस्य खऱ्या नावाने आणि घरच्यांसह बसतात. झाग्रेबमध्ये व्लादिमीर हुदोलिन या मनोविकारतज्ज्ञाने १९६४ मध्ये कुटुंबांना धरून क्लब सुरू केले. जीन किर्कपॅट्रिक यांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांसाठी स्वतंत्र गट काढला. आधीच खच्ची झालेल्या बाईला ‘आपण हतबल आहोत’ हे बारा पायऱ्यांतले पहिले वाक्य म्हणायला लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला पटते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरीने आध्यात्मिकता बाजूला ठेवून वर्तनोपचारातली तंत्रे गटात आणली.

हे सगळे खरेच उपयोगी पडते का, यावर दीर्घकाळ वाद राहिला. निनावी माणसांचा अभ्यास करणे अवघड, आणि गटात येतात ते आधीच सोडायच्या मनःस्थितीत असतात, हा आक्षेप रास्त होता. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्याला ठोस निष्कर्ष काढता आला नाही. तिच्याच २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे होती. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडणाऱ्या कार्यक्रमांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक पूर्णपणे दारूपासून दूर होते, इतर उपचारांनंतर ३५ टक्के. म्हणजे फरक आहे, पण निम्म्याहून अधिक जण कोणत्याही वाटेने पहिल्या वर्षात पूर्ण थांबले नाहीत, आणि म्हणूनच पुन्हा घसरलेल्याला खुर्ची रिकामी ठेवणे इतके महत्त्वाचे ठरते.

गट हा वैद्यकीय उपचारांना पर्याय कधीच नव्हता. डॉ. बॉब यांनी स्वतः सिस्टर इग्नेशिया यांच्यासोबत १९३९ पासून ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हजारो मद्यपींवर उपचार केले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो; ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे असतात. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधे जीव वाचवतात, तरी काही गटांत ती घेणाऱ्याला ‘अजून सुटलेला नाही’ असे आजही ऐकवले जाते. एएने आपल्या पत्रकात अनेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे की कोणत्याही सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये. ते पत्रक प्रत्येक मीटिंगच्या टेबलावर असावे.